जुळले की उचलले?

बोधचिन्हांच्या साम्याविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येतच असतात. या वेळी ती एकदम पाच आली, आणि त्यांतील पहिली दोन तर एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटाव्यात अशी आहेत. म्हणून या अंकातील जागा एकाच विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली असून पत्रे आवश्यक तेवढीच छापली आहेत. कायदा देशागणिक थोडाफार बदलतो. त्यामुळे पुढील उत्तरे विचार कोणत्या दिशेने करावा हे सांगण्यासाठी आहेत, आपल्या वकिलाच्या सल्ल्याच्या जागी ती वापरू नयेत.

प्रश्न : आमची कंपनी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. आमचे बोधचिन्ह अकरा वर्षांपूर्वीचे आहे : निळ्या वर्तुळात वर झेपावणारा पांढरा पक्षी आणि त्याच्या पंखाच्या जागी तीन तिरप्या, समांतर पट्ट्या. नुकतेच मालवाहतूक करणाऱ्या एका नव्या कंपनीचे बोधचिन्ह पाहण्यात आले. वर्तुळ हिरवे आहे, पण पक्षी तोच वाटतो आणि पट्ट्याही तीनच आहेत. माझे भागीदार म्हणतात, ही सरळसरळ चोरी आहे. ओळखीचे एक डिझायनर म्हणतात, वर्तुळातला पक्षी शेकडो कंपन्यांकडे असेल, सोडून द्या. कोणाचे खरे मानावे? दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून सोबत पाठवली आहेत. जाता जाता एक गंमत सांगतो. आमच्या सर्वांत खालच्या पट्टीच्या टोकाला एक छोटी खाच आहे. पूर्वी कंपनीचे नाव चिन्हाच्या खाली होते आणि नावातल्या वेलांटीला जागा करून देण्यासाठी ती ठेवली होती. पुढे नाव उजवीकडे गेले, खाच मात्र तशीच राहिली. त्यांच्या चिन्हातही ती आहे.

उत्तर : आपण ज्याला गंमत म्हणता, तोच आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पण तेथे पोहोचण्यापूर्वी आपण पाठवलेल्या चित्राविषयी एक तक्रार नोंदवतो. दोन्ही चिन्हे आपण एकाच आकाराची करून, पांढऱ्या कागदावर, एकमेकांना खेटून ठेवली आहेत. अशी मांडणी केली की डोळा आज्ञाधारक होतो : साम्य शोधायला सांगितले तर साम्य शोधतो, फरक शोधायला सांगितला तर फरक. प्रत्यक्ष व्यवहारात असे कोणी पाहत नाही. एक चिन्ह आज पडद्याच्या कोपऱ्यात दिसते, दुसरे चार दिवसांनी ट्रकच्या मागच्या बाजूला, आणि मधल्या काळात पहिल्याची जी अर्धवट आठवण उरली असेल तिच्याशीच दुसरे ताडून पाहिले जाते. युरोपीय न्यायालयाने १९९९ साली पादत्राणांच्या व्यापारचिन्हांसंबंधीच्या ‘लॉइड’ प्रकरणात हेच नोंदवले आहे की, सर्वसामान्य ग्राहकाला दोन चिन्हे समोरासमोर ठेवून पाहण्याची संधी क्वचितच मिळते आणि त्याला मनातल्या अपुऱ्या चित्रावरच विसंबावे लागते. तेव्हा आपल्या भागीदारांना आणि त्या डिझायनर मित्रांना थोडे बाजूला ठेवा. या दोन्ही चिन्हांशी काहीही संबंध नसलेल्या चार-पाच जणांना आज एक चिन्ह दाखवा, उद्या दुसरे दाखवा आणि ‘हे कोणाचे असावे?’ एवढेच विचारा. ‘सारखे आहे का?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते.

आता मूळ मुद्दा. आपले भागीदार आणि आपले मित्र एकमेकांशी भांडत आहेत असे वाटते खरे, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ‘हे चिन्ह आमच्या चिन्हावरून घेतले का?’ हा एक प्रश्न, आणि ‘हे चिन्ह पाहून लोकांची फसगत होईल का?’ हा दुसरा. पहिला प्रश्न कॉपीराइटचा आहे, दुसरा व्यापारचिन्हाच्या कायद्याचा. न पाहता, स्वतंत्रपणे तंतोतंत तसेच चित्र काढले गेले असेल तर कॉपीराइटचा भंग होत नाही. व्यापारचिन्हाच्या बाबतीत मात्र पाहिले होते की नव्हते याला फारसे महत्त्व नाही, गोंधळ होण्याची शक्यता आहे की नाही एवढेच पाहिले जाते. ‘नक्कल’ हा एकच शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रश्नासाठी चिन्ह चाळणीतून काढावे लागते. वर्तुळ गळून जाईल, कारण वर्तुळ कोणाच्याही मालकीचे नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाचे नियम तर स्पष्टच सांगतात की परिचित चिन्हे आणि आकृत्या, तसेच अक्षरांच्या वळणात किंवा रंगात केलेला किरकोळ बदल, एवढ्यावर संरक्षण मिळत नाही. वर झेपावणारा पक्षी ही कल्पनाही गळून जाईल. प्रगती, वेग, स्वातंत्र्य यांपैकी काहीही सुचवायचे असले की डिझायनरची पेन्सिल पक्ष्याकडे वळतेच. व्यापारचिन्हाच्या कायद्यातही हीच वृत्ती दिसते. १९९७ च्या ‘सेबल विरुद्ध प्यूमा’ या निकालात झेप घेणाऱ्या मार्जारकुळातील प्राण्याची दोन चित्रे समोर होती. युरोपीय न्यायालयाने म्हटले की, आधीचे चिन्ह लोकांमध्ये विशेष प्रसिद्ध नसेल आणि त्यातील चित्रात कल्पकतेचा अंश थोडाच असेल, तर दोन्हींमागची कल्पना एक आहे एवढ्यावरून संभ्रम होतो असे मानता येत नाही.

तीन पट्ट्या? पट्ट्यांवरून झालेली भांडणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. टॉम ब्राउन या फॅशन कंपनीने पूर्वी तीन पट्ट्या वापरल्या, आदिदासने हरकत घेतल्यावर एक वाढवून चार केल्या, आणि तरीही पुढे खटला झालाच; जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने टॉम ब्राउनच्या बाजूने कौल दिला. आपल्यापुरते एवढेच की, पंखाच्या जागी तीन पट्ट्या ही निवड वर्तुळापेक्षा आणि पक्ष्यापेक्षा अधिक खास आहे, पण दुसऱ्या कोणाला ती सुचणारच नाही इतकी खास नाही. येथपर्यंत आपल्या डिझायनर मित्रांचे म्हणणे बरोबर ठरते.

आणि मग ती खाच समोर येते. आपल्या चिन्हात तिला एक इतिहास आहे : वेलांटी शिरोरेषेच्या वर येत होती, तिला वाट हवी होती. दुसऱ्या कंपनीचे नाव चिन्हाच्या खाली नाही, आपण पाठवलेल्या चित्रात ते चिन्हाच्या डाव्या बाजूला आहे आणि त्यात एकही वेलांटी नाही. म्हणजे त्यांच्या पट्टीला खाच पडण्याचे कोणतेही कारण चिन्हाच्या आत सापडत नाही. सौंदर्यासाठी ती ठेवली असे म्हणावे तर ती सुंदरही नाही (हे आपल्या चिन्हाबद्दलही म्हणतो आहे, राग मानू नये). चांगली गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. गरजेपोटी झालेली तडजोड मात्र गरज नसलेल्या ठिकाणी आपोआप उगवत नाही. नकाशे तयार करणारे लोक याच तत्त्वावर आपल्या नकाशात एखादी अस्तित्वात नसलेली गल्ली मुद्दाम पेरून ठेवत असत. ती दुसऱ्याच्या नकाशात दिसली की तो नकाशा रस्ते मोजून केलेला नाही, आपल्यावरून उतरवलेला आहे, हे कळत असे. आपल्याकडे ती गल्ली योगायोगाने तयार झाली आहे.

तरी एवढ्यावर थांबू नये. आपल्या डिझायनरकडे मूळ व्हेक्टर फाईल (ठिपक्यांऐवजी रेषा आणि वक्रांच्या रूपात साठवलेले चित्र) असेल तर ती काढून घ्या. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचे चिन्ह किंवा तिच्या माहितीपत्रकाची पीडीएफ प्रत पुष्कळदा व्हेक्टर स्वरूपातच असते. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये उघडून त्यांचे अँकर पॉइंट, म्हणजे रेषा ज्यांतून जाते ते बिंदू, दिसतील असे करा, एका चिन्हाचा आकार दुसऱ्याएवढा करा आणि एकावर एक ठेवा. वर्तुळावरचे चार बिंदू जुळले तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण बहुतेक प्रोग्रॅम वर्तुळ चार बिंदूंनीच काढतात. परंतु चोचीपासून मानेपर्यंत गेलेला वक्र कोणी तीन बिंदूंत काढील, कोणी सहांत. बिंदू कोठे टाकावेत आणि वक्राचा बाक ठरवणारी त्यांची हँडल्स किती ताणावीत ही प्रत्येकाच्या हाताची सवय असते. तेथे बिंदूंची संख्याही तीच आणि जागाही त्याच निघाल्या, तर फाईलच हाती लागली होती असे समजावे. उलट त्यांच्या वक्रावर कारण नसताना पंधरा-वीस बिंदू दाटीवाटीने बसलेले दिसले, तर आपल्या चिन्हाचे छायाचित्र घेऊन ते यंत्राकडून गिरवून घेतले असण्याचा संभव वाढतो. मूळ पक्षी आपल्याच डिझायनरने एखाद्या विकतच्या चित्रसंग्रहातून घेतला होता का, हेही त्यांना न लाजता विचारा. तसे असेल तर पक्ष्याचे साम्य निरुपद्रवी ठरेल, मात्र खाच तरीही आपलीच राहील, कारण ती संग्रहात असू शकत नाही.

समजा, घेतले आहे हे आपल्याला पटले. तरीही दुसरा प्रश्न उरतोच, आणि तेथे आपली बाजू तितकी भक्कम नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर निवडणारा मनुष्य मालवाहू कंपनीच्या ट्रककडे पाहून ‘हे तेच लोक’ असे म्हणण्याची शक्यता कमी आहे. न्यायालये चिन्हांची जवळीक आणि व्यवसायांची जवळीक एकमेकींशी जोडून पाहतात. १९९८ च्या ‘कॅनन’ निकालानंतर युरोपात हे सूत्र पक्के झाले आहे की चिन्हे फार सारखी असतील तर व्यवसाय थोडे लांबचे असले तरी चालतात, आणि व्यवसाय एकच असेल तर चिन्हांतले थोडे साम्यही पुरते. आपले प्रकरण पहिल्या टोकाला, पण व्यवसाय ‘थोडे लांबचे’ नसून बरेच लांबचे आहेत. अर्थात आज लांब असलेली क्षेत्रे उद्याही लांब राहतील याची हमी नसते. बीटल्स या गायकवृंदाची ॲपल कोअर आणि संगणकांची ॲपल यांनी १९८१ साली समझोता करून संगीत एकीकडे आणि संगणक दुसरीकडे असे कुंपण घातले होते. संगणकातून संगीत वाजू लागले तेव्हा ते कुंपण निरुपयोगी झाले आणि वाद अखेर २००७ साली मिटला. ती वाहतूक कंपनी उद्या आपल्या ग्राहकांसाठी बिलांचे ॲप काढणार नाही असे नाही.

म्हणून आपला मार्ग सध्या कॉपीराइटचा दिसतो. त्या वाटेने जाण्यापूर्वी एक कागद शोधा : अकरा वर्षांपूर्वी डिझायनरशी झालेला करार. पुष्कळ देशांत बाहेरच्या डिझायनरने केलेल्या चित्राचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर झाले नसेल तर, पैसे चुकते केल्यानंतरही त्या डिझायनरकडेच राहतो. तसे असेल तर तक्रार करण्याचा अधिकार तूर्त आपल्याला नाही, त्यांना आहे, आणि आधी त्यांच्याकडून हस्तांतरपत्र करून घ्यावे लागेल.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर आहे. ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या एका कंपनीसाठी मी बोधचिन्ह केले : उघडलेले पुस्तक, ज्याची वर उचललेली दोन पाने डोंगराच्या शिखरांसारखी दिसतात. सहा महिन्यांनी त्याच क्षेत्रातील दुसऱ्या कंपनीची नोटीस आली. त्यांचे नोंदणीकृत चिन्ह खरोखरच माझ्या चिन्हासारखे आहे, हे पाहून मलाच धक्का बसला. मी ते पूर्वी कधीही पाहिलेले नाही. माझ्या वहीत तारखांसह चाळीसहून अधिक रेखाटने आहेत. तरी माझे ग्राहक म्हणतात की चिन्ह बदलावे लागेल. मी काही चुकीचे केले नसताना का बदलावे?

उत्तर : आपल्या पत्रातला ‘का’ समजण्यासारखा आहे, तरी आपले ग्राहक बहुधा बरोबर सांगत आहेत. वरच्या पत्रलेखकांचे चिन्ह उचलले गेलेले दिसते, पण गोंधळ होण्याचा संभव कमी आहे; आपल्याकडे नेमके त्याच्या उलट आहे. आपण उचललेले नाही यावर माझा विश्वास बसतो, परंतु एकाच क्षेत्रात, एकाच प्रकारच्या विद्यार्थ्यांसमोर, एकाच आकाराच्या मोबाइल पडद्यावर ही दोन चिन्हे येणार आहेत, आणि विद्यार्थी काही आपली वही पाहून ॲप उघडत नाही.

अशा योगायोगाचे सर्वांत बोलके उदाहरण १९७६ चे आहे. अमेरिकेतील एनबीसी या बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनीने वर्षभराहून अधिक काळ आणि पाण्यासारखा पैसा खर्च करून दोन चौकोनी तुकड्यांनी बनलेले, लाल-निळे ‘एन’ अक्षर जानेवारीत पडद्यावर आणले. ते आले आणि लक्षात आले की नेब्रास्का राज्यातील एक शैक्षणिक वाहिनी जवळजवळ हेच ‘एन’, फक्त संपूर्ण लाल रंगात, आधीपासून वापरत आहे. त्या वाहिनीने आपले चिन्ह घरच्या घरी, शंभर डॉलरही न लावता करून घेतले होते. एनबीसीने ते चोरले असे कोणी गांभीर्याने म्हटले नाही. तरीही तडजोडीत तिला सुमारे ८ लाख डॉलरची प्रसारण उपकरणे आणि शिवाय नवे चिन्ह करून घेण्यासाठी ५५ हजार डॉलर त्या वाहिनीला द्यावे लागले. प्रामाणिकपणा शाबूत होता, पण चिन्हावरचा आधीचा हक्क दुसऱ्याचा होता.

२०१४ साली प्रवाशांना भाड्याने घरे मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने आपले नवे, पिळाच्या वळणाचे चिन्ह जाहीर केले तेव्हा ऑटोमेशन एनिव्हेअर या सॉफ्टवेअर कंपनीचे चिन्ह त्याच्याशी विलक्षण जुळते हे लोकांनी लगेच दाखवून दिले. दोन्ही कंपन्यांनी मिळून निवेदन काढले की आम्ही दोघांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे नवी चिन्हे वापरायला घेतली होती, आणि ऑटोमेशन एनिव्हेअर आपले चिन्ह बदलत आहे. इतक्या शहाणपणाने मिटलेली प्रकरणे फारशी बोलली जात नाहीत. आपण मात्र हीच वाट समोर ठेवावी.

आपल्या वहीचा उपयोग नाही असे मात्र समजू नका. नोटिशीत कॉपीराइटचाही आरोप असेल, आणि बहुतेक नोटिशींत तो असतोच, तर वही हेच आपले उत्तर आहे. तिच्यातली शेवटची देखणी रेखाटने फारशी कामाची नाहीत, फसलेली रेखाटने कामाची आहेत. ज्याने एखादे चिन्ह समोर ठेवून उतरवले त्याच्याकडे तयार झालेले रूप असते, पण त्या रूपापर्यंत जाताना वाट चुकल्याच्या खुणा नसतात. पाने आधी पक्ष्याचे पंख होती, मग ते अति झाले म्हणून पुस्तक मिटले, मग ग्राहकाने ‘उंची दिसू द्या’ असे ईमेलमध्ये लिहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर पहिले शिखर आले, असा काही क्रम वहीत आणि पत्रव्यवहारात दिसत असेल तर तो तारखांसह लावून ठेवा. पाने फाडू नका, वही जशी आहे तशीच राहू द्या.

स्पष्टीकरण कसे देऊ नये हेही सांगायला हवे. २०२० च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी जपानी डिझायनर केंजिरो सानो यांनी केलेले बोधचिन्ह जुलै २०१५ मध्ये जाहीर झाले आणि बेल्जियममधील लिएज येथील नाट्यगृहाच्या चिन्हाशी ते जुळते अशी हरकत त्या चिन्हाचे डिझायनर ओलिव्हिए देबी यांनी घेतली. मध्ये उभा दांडा, वर आणि खाली कोपऱ्यात भरलेले तुकडे, एवढे साम्य होते. ऑलिम्पिकच्या चिन्हातील लाल वर्तुळ आणि त्याची रंगयोजना नाट्यगृहाच्या काळ्या-पांढऱ्या चिन्हात नव्हती. संयोजकांनी बचावासाठी सानो यांचे मूळ, आधीचे रेखाटन लोकांसमोर ठेवले, तर ते पाहून लोकांना एका मुद्रणकला प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकाची आठवण झाली. त्याच सुमारास सानो यांच्या स्टुडिओला दुसऱ्या एका जाहिरात मोहिमेतील पिशव्यांवरच्या चित्रांसाठी इतरांचे साहित्य वापरल्याची कबुली द्यावी लागली होती. १ सप्टेंबर २०१५ रोजी बोधचिन्ह मागे घेण्यात आले. ते उचललेले होते असा कोणत्याही न्यायालयाचा निर्णय त्यापूर्वी झालेला नव्हता. माझे मत विचाराल तर त्या दोन चिन्हांचे साम्य साध्या आकृत्यांच्या मर्यादित शक्यतांतून आलेले आहे. पण पिशव्यांची कबुली दिल्यानंतर ते ऐकून घ्यायला कोणी उरले नव्हते. म्हणून आपल्या आधीच्या कामांत कोठे उसनवारी असेल तर ती आपल्या ग्राहकांना आणि वकिलांना आजच सांगा, दुसऱ्याकडून कळण्याची वाट पाहू नका.

न्यायालयात गेलो तर काय होईल, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. गुची आणि गेस या दोन फॅशन कंपन्यांचा ‘जी’ अक्षरांच्या आकृतिबंधावरून आणि इतर चिन्हांवरून वाद झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१२ मध्ये गुचीला सुमारे ४७ लाख डॉलर दिले (मागणी २२ कोटींहून अधिक होती), तर २०१३ मध्ये मिलानच्या न्यायालयाने गुचीचा दावा फेटाळला. तेच पक्ष, जवळपास तीच चिन्हे. २०१८ मध्ये त्यांनी आपसांत मिटवले. आपल्या ग्राहकांना सांगा की समोरच्यांना उत्तर पाठवताना बदलासाठी मुदत मागावी, छापून झालेले साहित्य संपेपर्यंत वापरण्याची परवानगी मागावी, आणि आरोप मान्य असल्याचा एकही शब्द त्या पत्रात येऊ देऊ नये. नव्या चिन्हात पुस्तक ठेवा, शिखरे जाऊ द्या. जुळणी त्या संयोगात आहे, नुसत्या पुस्तकात नाही.

प्रश्न : तीस टक्के बदल केला की चिन्ह आपले होते, असे आमच्या मुद्रकांनी सांगितले. हा नियम कोठे लिहिलेला आहे?

उत्तर : कोठेही नाही. आणि असता तरी टक्केवारी मोजायची कशाची : क्षेत्रफळाची, रेषांची की रंगांची? समोर दुसऱ्याचे चिन्ह ठेवून त्यात बदल करत जाणे हीच मुळात नक्कल होय. बदल किती केला यापेक्षा मूळ किती उरले हे पाहिले जाते. आपल्या मुद्रकांना छपाईविषयीच विचारावे.

प्रश्न : आमच्या स्पर्धक कंपनीचे चिन्ह नव्वद अंशांत फिरवले की ते हुबेहूब आमचे दिसते. हा मुद्दा टिकेल का?

उत्तर : व्यापारचिन्हाच्या वादात टिकणे अवघड आहे. शनेल ही फ्रेंच फॅशन कंपनी आणि ह्वावे ही चिनी तंत्रज्ञान कंपनी यांच्यातील प्रकरण अगदी असेच होते. ह्वावेने २०१७ मध्ये संगणकीय उपकरणांसाठी एका चिन्हाची नोंदणी मागितली : वर्तुळात दोन वक्राकृती, एक वरून आणि एक खालून, मध्यभागी एकमेकींत गुंतलेल्या. शनेलने म्हटले की हे आडवे केले तर आमचे पाठीला पाठ लावून गुंतलेले दोन ‘सी’ दिसतात. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने उत्तर दिले की चिन्हे ज्या रूपात नोंदवली किंवा मागितली आहेत त्याच रूपात, त्यांची दिशा न बदलता, ताडून पाहायची असतात. शिवाय शनेलच्या वक्रांची गोलाई अधिक आणि रेषा जाड आहे, हा फरकही न्यायालयाने नोंदवला. ग्राहक मान वाकडी करून चिन्ह पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यात एक पोटमुद्दा आहे. आपले चिन्ह ज्या वस्तूवर लागते ती वस्तू हातात फिरत असेल, उदाहरणार्थ बाटलीचे झाकण किंवा कपड्यावरचे बटण, तर प्रत्यक्षात ते कोणत्याही दिशेने दिसते, आणि तो पुरावा आपल्या वकिलांनी निदान मांडून पाहावा. ‘घेतले का?’ या प्रश्नापुरते बोलायचे, तर फिरवल्यामुळे नक्कल लपत नाही; पहिल्या उत्तरात सांगितलेली बिंदूंची पडताळणी चिन्ह फिरवूनही तितकीच चोख होते.

प्रश्न : चिन्ह जाहीर करण्यापूर्वी ते कोणाशी जुळत नाही ना, हे घरबसल्या कसे तपासावे? आणि आपले चिन्ह कोणी घेतलेच असेल, तर ते समाजमाध्यमांवर उघड करणे योग्य आहे का?

उत्तर : इंटरनेटवरच्या चित्रशोधाने सुरुवात करायला हरकत नाही, पण तो जे गाजलेले आहे तेच आधी दाखवतो, नोंदवहीत पडून असलेले चिन्ह त्याला सापडेलच असे नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस विनामूल्य आहे, अनेक देशांच्या नोंदी त्यात एकत्र आहेत आणि आपले चित्र चढवून त्यासारखी चिन्हे शोधण्याची सोयही आहे. त्याहून नेमका मार्ग व्हिएन्ना वर्गीकरणाचा. १९७३ च्या करारानुसार चिन्हांतील चित्रांना क्रमांक दिलेले आहेत : ३.७ म्हणजे पक्षी, २०.७ म्हणजे पुस्तके, २६.१ म्हणजे वर्तुळे. पहिल्या पत्रलेखकांचे चिन्ह शोधायचे तर ३.७ आणि २६.१ एकत्र देऊन पाहावे लागेल, आणि दुसऱ्यांनी २०.७ सोबत डोंगराचा क्रमांक दिला असता तर ती नोटीस कदाचित टळली असती. शोध आपल्या व्यवसायाच्या वर्गापुरता मर्यादित करता येतो. नीस वर्गीकरणात असे ४५ वर्ग आहेत, वस्तूंचे ३४ आणि सेवांचे ११. शेजारचे वर्गही पाहावेत, कारण व्यवसाय एका वर्गात मावत नाहीत.

समाजमाध्यमांवर टाकू नका, निदान आधी तरी नको. पुरावा जमा होण्यापूर्वीच समोरचा सावध होतो, आपण केलेला चोरीचा आरोप सिद्ध झाला नाही तर तो आपल्याच अंगावर उलटू शकतो, आणि काही देशांत निराधार धमकीच्या नोटिशीविरुद्धही दावा करता येतो. उलट वर्षानुवर्षे गप्प राहणेही परवडत नाही : युरोपीय संघात दुसऱ्याच्या नोंदणीकृत चिन्हाचा वापर माहीत असून सलग ५ वर्षे चालू दिला, तर ते चिन्ह बदनियतीने नोंदवलेले नसल्यास हरकतीचा हक्क जातो.

पत्र पाठवण्यापूर्वी समोरच्याची तारीख मात्र अवश्य पाहा. त्यांच्या चिन्हाच्या नोंदणीचा अर्ज केव्हाचा आहे आणि इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्यांच्या संकेतस्थळाची सर्वांत जुनी प्रत कोणत्या महिन्याची आहे, हे शोधायला अर्धा तास पुरतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने माझ्याकडे आठ पानांचे संतप्त पत्र मसुदा तपासण्यासाठी दिले होते. तारखा लावल्यावर दिसले की ज्यांच्यावर आरोप होता त्यांचे चिन्ह चौदा महिने आधीचे होते. मसुदा परत नेताना त्यांनी माझ्याकडची दुसरी प्रतही मागून घेतली.